न घेतलेली रजा कोणाची?

जुम्याच्या नमाजनंतर इमामाला विचारले जाणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. तलाक, मीरास, जकात, बँकेचे व्याज. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे आणि तो विचारणारे बहुतांशी तरुण आहेत. कोणी बीडच्या बाजारात कापडाच्या दुकानात सहा वर्षे काम करून आता पुण्याला निघालेला असतो, कोणी जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असतो, कोणी विनाअनुदानित शाळेत शिकवीत असतो. नोकरी सोडली, इतक्या दिवसांच्या रजा शिल्लक होत्या, मालक म्हणतो की आता तू आमचा राहिलाच नाहीस तर रजा कसल्या. अशा वेळी त्या रजांचे पैसे मागणे जायज आहे काय?

वाचकहो, या प्रश्नाचा रोख नीट पाहा. मागणारा येऊन विचारतो की मागणे जायज आहे काय. न देणारा मात्र, न देणे जायज आहे काय, हे विचारायला सहसा येत नाही. ज्याच्या हाती पैसा आहे त्याला मसला विचारण्याची गरज वाटत नाही आणि ज्याचा हक्क अडकला आहे तो आपल्या मागणीलाच लोभ समजून ओशाळतो. आपल्या समाजात सब्र आणि कनाअत यांची शिकवण पुष्कळ दिली जाते, आणि ती योग्यच आहे. पण ती नेहमी दुबळ्यालाच ऐकवली गेली तर तिचा अर्थ बदलतो. म्हणून या लेखात मी आधी देणाऱ्याशी बोलणार आहे.

मुळात रजा म्हणजे काय? मराठीतला हा शब्द अरबी ‘रिजा’वरून आला आहे. त्याचा अर्थ राजीखुशी, संमती. मालकाने संमती दिली तर नोकराने घरी जावे, अशी ही जुनी कल्पना. तिच्यामुळेच आजही अनेकांना रजा ही मालकाची मेहेरबानी वाटते. मेहेरबानी घेतली नाही तर ती मागे उरत नाही, असा त्यामागचा तर्क. परंतु कायद्याने आणि करारानेही रजेचे स्वरूप आता बदललेले आहे. तिला ‘अर्जित रजा’ म्हणतात. अर्जित म्हणजे कमावलेली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने वर्षात 240 दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराला कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 दिवसाची पगारी रजा ठरवून दिली. कामगाराने नोकरी सोडली, त्याला काढून टाकले, तो निवृत्त झाला वा मरण पावला, तर उरलेल्या रजेचा पगार त्याला किंवा त्याच्या वारसांना द्यावा, असेही त्या कायद्यानेच सांगितले. सोडणाऱ्याला आणि काढलेल्याला तर दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दर 20 दिवसांमागे 1 दिवस हेच प्रमाण आहे आणि अशी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

हिशेब करून पाहिल्यावर मुद्दा डोळ्यांपुढे येतो. 240 दिवसांमागे 12 दिवस. तीन वर्षे एकही रजा न घेणाऱ्याच्या खाती 36 दिवस जमतात. महिना 12,000 रुपये पगार धरला तर ढोबळमानाने दिवसाचे 400, म्हणजे एकूण 14,400 रुपये. दुकानदाराच्या दृष्टीने ही एका दिवसाची उलाढाल असेल. नोकराच्या घरी ती मुलीची वर्षाची फी आणि आईचे औषध आहे.

2024 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला होता. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत सुमारे तीस वर्षे सेवा करून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांना बँकेने शिल्लक रजेचे पैसे नाकारले. राजीनामा म्हणजे निवृत्ती नव्हे, असा पवित्रा होता. खंडपीठाने तो मान्य केला नाही. रजेचे रोखीकरण हे पगारासारखेच आहे, पगार ही मालमत्ता आहे, ती बक्षिसी नव्हे आणि कायद्याचा आधार नसताना कोणाची मालमत्ता हिरावून घेता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मालमत्ता हा शब्द येताच हा प्रश्न सरळ शरीअतच्या अंगणात येतो. एकमेकांचे माल अन्यायाने खाऊ नका, असा आदेश सूरह बकरा आणि सूरह निसा या दोन्हींत आहे. मद्यनच्या लोकांकडे हजरत शुऐब (अ.) यांनी जो संदेश नेला त्यात मापात आणि तोलात कमी न करण्याबरोबरच लोकांना त्यांच्या वस्तू घटवून देऊ नका, असे व्यापक शब्द आले आहेत. धान्य आणि कापड यांपुरतेच ते शब्द मर्यादित नाहीत. ज्याने वीस दिवस श्रम केले आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात एक दिवसाचा विसावा कमावला, त्याचा तो विसावाही त्याची वस्तूच आहे.

येथे कोणी म्हणेल, काम केल्याची मजुरी समजते, पण न केलेल्या कामाचे पैसे कसले? हा आक्षेप फुकहांनी फार पूर्वी विचारात घेतलेला आहे. ‘हिदाया’ ज्याने वाचला त्याला ‘अजीर-ए-खास’ ठाऊक असतो. जो माणूस ठरावीक मुदतीसाठी आपला वेळ एकाच मालकाच्या स्वाधीन करतो, त्याची मजुरी स्वतःला हजर केल्याने लागू होते. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून त्या दिवसाचा पगार कापता येत नाही. आणि विसाव्याचे म्हणाल तर दहाव्या हिजरी शतकातले हनफी फकीह इब्न नुजैम यांनी ‘अल-अश्बाह वन्-नजाइर’मध्ये मदरशांच्या सुट्ट्यांचा प्रश्न घेतला आहे. ईदचे दिवस, आशूरा, रमजान या काळात शिकवणे बंद असते. मग मुदर्रिसाने त्या दिवसांचे मानधन घ्यावे काय? सुट्टी अटींतच धरलेली असेल तर मानधनातून काहीही कमी होत नाही, असे ते म्हणतात. तशी अट नसेल तर हा प्रश्न काजीच्या सुट्टीच्या दिवसासारखा धरावा, असे ते सुचवतात. आणि काजीच्या बाबतीत मानधन देण्याच्या बाजूचे कारण असे की तो आज विश्रांती घेतो ती उद्याच्या कामासाठीच. ज्या काळी कोठेही कामगार कायदा नव्हता, त्या काळी ही चर्चा आपल्या ग्रंथांत झालेली आहे. विश्रांती हा कामाचाच भाग आहे आणि तिचा मोबदला मजुरीच्या आत मोजता येतो, हे तिचे सार.

आता याच धाग्याने पुढे चला. विश्रांती ठरलेल्या मजुरीचा भाग असेल आणि नोकराने ती घेतली नसेल, तर त्याने मालकाला ठरल्यापेक्षा जास्त दिवस दिले. ते दिवस मालकाच्या दुकानात, मालकाच्या नफ्यात गेले. त्यांची किंमत मालकाकडे उरली आहे. नोकर निघून गेला म्हणून ती किंमत मालकाची होत नाही.

गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी ती कथन केली असून बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. तिघांपैकी एकाने मजूर लावले होते. सर्वांना मजुरी दिली, एक मात्र आपली मजुरी तेथेच सोडून निघून गेला. मालकाने ती मजुरी व्यापारात घातली, ती वाढत गेली. बऱ्याच काळानंतर तो मजूर आला आणि अल्लाहचे भय धरून माझी मजुरी दे, म्हणाला. मालकाने समोरचे उंट, गाई, शेळ्या, गुलाम दाखवून सांगितले की हे सर्व तुझे. मजुराला ती थट्टा वाटली. वाज करणारे या प्रसंगावर बोलताना सहसा कळपाच्या आकाराने भारावून जातात. मला त्यातली आधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मजूर निघून गेला त्या दिवशी मालकाने ती मजुरी आपल्या गल्ल्यात मिसळून टाकली नाही. हा गेला, आता हिशेब मिटला, असे त्याच्या मनात आले नाही. वाढलेला कळप देणे हे त्याचे एहसान होते. मूळ मजुरी देणे हे त्याच्यावर बंधनकारकच होते.

हक्क आणि एहसान यांतला हा भेद आपण रोजच्या व्यवहारात फार लवकर विसरतो. मालक म्हणतो, मी त्याला दर वर्षी ईदी दिली, त्याच्या बहिणीच्या लग्नात मदत केली, आजारपणात दवाखान्याचे बिल भरले. आता तो रजेचे पैसे मागतो, कृतघ्न आहे. बंधूंनो, दिले ते चांगलेच केले, अल्लाह त्याचा मोबदला देईल. पण ते उधार म्हणून दिले नव्हते, तर आता हक्काच्या रकमेतून ते वजा कसे करणार? सदका करून मागून उपकार बोलून दाखवल्याने तो वाया जातो, हे सूरह बकरा सांगते; येथे तर बोलून दाखवण्याच्या पुढे जाऊन तो वसूलच केला जात आहे. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा मद्यनमधला करार पाहा. आठ वर्षे चाकरीची अट. दहा पूर्ण केली तर ती तुमच्याकडून. यांतली कोणतीही मुदत पुरी केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, हे मूसांनी (अ.) करार होतानाच बोलून घेतले. बंधनकारक किती आणि खुशीचे किती, हे पहिल्याच दिवशी वेगळे केले गेले. त्यांनी पुढे जास्तीचीच मुदत पुरी केली, असे माननीय इब्न अब्बास (रजि.) यांनी सांगितले आहे. जास्त देता येते. पण आधी रेघ ओढलेली असली पाहिजे.

आमच्या बाजारपेठेत ती रेघच नसते. नेमणुकीचा कागद नाही, रजेची वही नाही, सर्व व्यवहार तोंडी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यासंबंधीची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि आम्ही सहा सहा वर्षांची चाकरी कागदाच्या चिटोऱ्याविना पार पाडतो!

तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सुट्टी घेतली नाही एवढ्यानेच तिचे पैसे आपोआप देणे होत नाहीत. त्यासाठी आधार हवा. तो आधार लेखी वा तोंडी करार असेल, देशाचा कायदा असेल किंवा त्या धंद्यातली सर्वमान्य रूढी असेल. जे रूढीने ठरलेले असते ते अट घालून ठरवल्यासारखेच असते, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. कायद्याचेही तसेच, कायदा लागू असलेल्या ठिकाणी माणूस कामाला ठेवला म्हणजे त्या अटी करारात आल्याच. उलट किरकोळ रजा किंवा आजारपणाची रजा गरज पडली तर वापरण्यासाठी असते. गरज पडली नाही, तर तिचे पैसे मागण्याला सहसा आधार नसतो. आजारी न पडल्याची भरपाई मागणे मलाही विचित्र वाटते.

आणि ज्या लहान दुकानांना कायदा लागूच होत नाही, तेथे? तेथे वकील म्हणेल, काही देणे नाही. मी असे म्हणेन की शेजारच्या मोठ्या दुकानात काय रीत आहे ते पाहावे आणि तुम्ही त्याला कामावर घेताना काय बोलला होता ते आठवावे. ‘महिन्याला दोन सुट्ट्या मिळतील, नाही घेतल्यास पैसे देऊ,’ असे वाक्य बोलले असेल तर ते वाक्य करार आहे. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पूर्ण करण्याचा आदेश देते. तिथे नोकरांची संख्या विचारलेली नाही.

खरा गुंता पुढे आहे. काही ठिकाणी लेखी अट असते की वर्षअखेर न घेतलेली रजा रद्द होईल. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, ही हदीस तिर्मिजीत आणि अबू दाऊदमध्ये आहे. मग ही अट मान्य करावी काय? माझे मत असे आहे. नोकराला रजा घेण्याची मोकळीक होती, कोणी अडवले नाही, त्याने स्वतःहून घेतली नाही, आणि कायदाही तेथे वेगळे काही सांगत नाही, तर अट त्याला बांधते. पण त्याने मागितली आणि हंगाम आहे, लग्नसराई आहे, माणूस कमी आहे असे म्हणून प्रत्येक वेळी नाकारली, आणि वर्ष संपताच रद्द झाली असे सांगितले, तर ती अट राहत नाही, तो सापळा होतो. ज्या हदीसीने अटींना बांधील ठेवले तिच्यातच हरामला हलाल करणाऱ्या अटीचा अपवाद आहे. स्वतः दार बंद करून पाहुणा आलाच नाही म्हणणाऱ्यासारखे हे आहे.

अचानक सोडून गेला म्हणून रजेचे पैसे जप्त, हाही नेहमीचा युक्तिवाद. पूर्वसूचनेची मुदत ठरली होती आणि ती त्याने मोडली, त्यातून खरे नुकसान झाले, तर ते वेगळे मांडावे, दोन समजूतदार माणसांपुढे सिद्ध करावे. राग हे नुकसान नव्हे. तो प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात गेला, हेही नव्हे.

बीड जिल्ह्यात राहून रजेवर लिहायचे आणि ऊसतोड कामगारांचे नाव घ्यायचे नाही, हे शोभणार नाही. आपल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल. आणि काम चुकले तर खाडा. ‘अर्जित रजा’ हा शब्द ज्या घरांत कधी ऐकलेला नसतो, त्या घरांत ‘खाडा’ लहान मुलालाही समजतो. येथे न घेतलेल्या रजेचे पैसे मिळणे दूरच, घेतलेल्या विश्रांतीचा दंड भरावा लागतो. 2019 साली जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या त्रासाने एक दिवस बसले तर खाडा पडतो, ही भीती त्या चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे आली. टनावर मजुरी घेणाऱ्याने ऊस तोडला नाही तर त्या दिवसाची मजुरी मिळणार नाही, इथपर्यंत फिकह समजू शकते. पण न केलेल्या कामाची मजुरी न देणे वेगळे आणि वर दंड लावणे वेगळे. हनफी मजहबच्या प्रचलित मतानुसार असा आर्थिक दंड घेणे जायज नाही. तो दुसऱ्याचा माल विनाहक्क घेणे आहे. मुकादमांत आपलीही माणसे आहेत, म्हणून हे येथे लिहिले.

मशिदी आणि मदरशांच्या कमिट्यांसाठीही दोन शब्द. मी माझ्याच पंगतीची बाजू मांडतो आहे असे कोणास वाटेल, वाटू द्या. इमामाला वर्षातून किती दिवस घरी जाता येईल, त्या काळातला पगार मिळेल की बदली माणूस त्याने स्वतःच्या खर्चाने द्यायचा, तो सोडून गेला तर काय द्यायचे, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते. वक्फचा पैसा जपून वापरावा, हे खरे. पण वक्फवर ज्याचा हक्क लागू झाला आहे त्याचा हक्क देणे ही उधळपट्टी नव्हे. इब्न नुजैम यांची चर्चा कारखान्याविषयी नव्हती, मदरशाविषयीच होती.

आता नोकरी करणाऱ्या बंधू-भगिनींशी. हक्क मागताना तो तेवढाच मागा जेवढा आहे. हजेरीपटावर सही आहे आणि माणूस शेतात पेरणीला आहे, असे दिवस किती गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, मालकाला नसेल. ते चार दिवस शिल्लक रजेतून आपणच वजा करा. आजारपणाचा खोटा दाखला देऊन घेतलेले दिवसही तसेच. आणि हक्क असेल तर मागायला लाजू नका. लेखी मागा, सभ्य भाषेत मागा, नाही मिळाले तर कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. यात तवक्कुलला बाधा येत नाही. माफ करायचे असेल तर खुशीने करा, तो एहसान आहे. मात्र पुढच्या नोकरीत शिफारस लागेल या भीतीने सोडून देणे याला माफी म्हणत नाहीत आणि अशा सुटीने मालकही अल्लाहपुढे सुटत नाही. ज्या तिघांविरुद्ध अंतिम न्यायदिनी अल्लाह स्वतः वादी असेल, त्यांपैकी एक म्हणजे काम पुरे करून घेऊन मजुरी न देणारा, हे बुखारीत माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आले आहे.

नोकरीत असताना कोणाचा इंतकाल झाला तर एक गोष्ट कुटुंबाने विसरू नये. अर्जित रजेचा पगार हा मृताने हयातीत कमावलेला हक्क असल्याने तो तरिक्यात येतो. कार्यालय तो नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती देईल. पण नामनिर्देशित म्हणजे वारस नव्हे. कर्ज आणि वसीयत यांनंतर तो आई, पत्नी, मुलगे आणि मुली या सर्वांत शरीअतच्या हिश्श्यांनी वाटला पाहिजे. मालकाने किंवा सरकारने मागे राहिलेल्यांना सहानुभूती म्हणून दिलेली मदत वेगळी. ती ज्याच्या नावे दिली त्याची असते. या दोन्ही रकमा एकाच धनादेशाने आल्या तर कार्यालयाकडून तपशील मागून घ्यावा. मुलींचा हिस्सा येथेच गुपचूप बुडतो.

ज्या मालकांकडून पूर्वी नोकर सोडून गेले आहेत आणि हा लेख वाचून ज्यांना एखादा चेहरा आठवला असेल, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. नेमके दिवस आठवत नसतील तर जुन्या वह्या पाहा, त्याला फोन करून विचारा, त्याच्या आणि तुमच्या स्मरणाचा मेळ घालून दोघांना पटेल असा आकडा ठरवा. संशय राहिला तर जास्तीच्या बाजूने द्या. तो वारला असेल तर त्याच्या वारसांना शोधा. गावाचे नाव ठाऊक असेल तर शोधणे अवघड नाही. आपल्या भागात एका मशिदीतून दुसऱ्या मशिदीत निरोप एका जुम्यात पोहोचतो. खरोखर सर्व प्रयत्न करूनही पत्ता लागला नाही, तर ती रक्कम त्याच्या वतीने गरिबाला सदका करावी आणि वहीत त्याचे नाव, दिवस, रक्कम लिहून ठेवावी, घरच्यांनाही सांगून ठेवावे. कारण तो पुढे कधी येऊन उभा राहिला आणि त्याने तो सदका मान्य केला नाही, तर ती रक्कम त्याला पुन्हा द्यावी लागेल आणि सदक्याचे पुण्य तुमच्या खाती जाईल.